कसारा घाट चढून येणारी सांगड

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचला मुंबईची माणसे 'कॅटमरान' म्हणतात. त्यामुळे कॅटमरान म्हणजे वातानुकूलित, इंजिनाची, मोठी बोट असा अनेकांचा समज असतो. मूळ शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकमेकांना बांधून जो तराफा करतात तो कट्टुमरम्. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो दोन अंगांच्या होडीला चिकटवला. ही दोन अंगांची होडी खरे तर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची. मराठीत तिला अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे सांगड. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधून केलेले तरते साधन ते सांगड. आपण रोज कशाची ना कशाची 'सांगड घालतो', पण ती मुळात पाण्यात घातली जात होती हे विसरून गेलो आहोत. कोकणात होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांवर जे लाकूड बांधतात त्याला उलांडी म्हणतात. तीही याच कुळातली.

शिडाच्या अशा लहान सांगडी जगभर खेळासाठी वापरल्या जातात. त्यांतली 'हॉबी १६' फार खपलेली. आजवर एक लाखावर होड्या बनल्या आहेत. अमेरिकेतल्या होबी आल्टर यांची ही होडी सुमारे १९७० पासून बाजारात आहे. लांबी ५.०४ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो आणि शिडांचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर. समजा, अशी एक वापरलेली होडी मुंबईच्या किनाऱ्यावर विकायला आहे आणि घोटीच्या काही हौशी शिक्षकांना ती विकत घेऊन, दुरुस्त करून जवळच्या जलाशयावर चालवायची आहे. घोटीच्या आसपास पाण्याला तोटा नाही. एका अंगाला १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण, दुसऱ्या अंगाला मुंबईला पाणी पुरवणारे अप्पर वैतरणा. अर्थात जलाशयात होडी घालायची तर आधी जलसंपदा विभागाची परवानगी हवी आणि पिण्याच्या पाण्याच्या तलावावर ती मिळेलच असे नाही. ती मिळाली असे धरून पुढे जाऊ.

किंमत किती पडेल, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात पहिला येतो. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा आहे. पहिला प्रश्न असा की समुद्रसपाटीवरची, खाऱ्या पाण्यातली होडी सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्यात आणली की तिचे काय होते? या एका प्रश्नात आठवी ते बारावीचे निम्मे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र येऊन जाते.

ती उलटत का नाही?

होडीच्या पाण्यात बसणाऱ्या पोकळ अंगाला हल म्हणतात. एका हलची होडी उलटू नये म्हणून तिच्या तळाशी वजन घालावे लागते किंवा तिला पोटात रुंद करावे लागते. सांगडीला यातले काही लागत नाही. तिचे दोन हल एकमेकांपासून लांब असतात, एवढेच तिचे बळ.

हिशेब करून पाहू. हॉबी १६ च्या दोन हलांच्या मध्यरेषांतले अंतर ढोबळमानाने २.१ मीटर धरू. वारा एका बाजूने आला की होडी दुसऱ्या बाजूच्या हलवर कलू लागते. तो हल म्हणजे टेकू. होडीचे १४५ किलो वजन त्या टेकूपासून १.०५ मीटरवर आहे, म्हणजे आघूर्ण सुमारे १५२ किलोग्रॅम-मीटर. वाऱ्याकडच्या हलवर ६५ किलोची दोन माणसे बसली तर १३० किलो गुणिले २.१, म्हणजे २७३. एकूण ४२५. होडीपेक्षा माणसांचाच वाटा मोठा आहे, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. आता वारा. २० चौरस मीटर शिडावर आडवा वारा लावणारे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते हलांपासून साडेतीन मीटर उंचीवर लागते असे मानले तर ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास वारा असताना पारडे बरोबरीला येते आणि वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलू लागतो. आता वारा दीडपट झाला तर बल सव्वादोन पट होते. म्हणून झुळूक आणि झोत यांत फरक आहे. डोंगराच्या खिंडीतून अचानक उतरणारा झोत सह्याद्रीतल्या जलाशयांवर नेहमीचाच असतो.

घोटीला हवा थोडी विरळ असते. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सात टक्के कमी, त्यामुळे त्याच तापमानाला घनताही तितकीच कमी. म्हणजे तेवढाच वारा शिडाला किंचित हळू ढकलतो. पाणीसुद्धा हलके. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ किलो असते. दोन माणसांसह २७५ किलोची होडी समुद्रात २६८ लिटर पाणी बाजूला सारते, जलाशयात पूर्ण २७५ लिटर. या सात लिटरांमुळे ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल बसेल. फरक क्षुल्लक, पण आर्किमिडीजचा नियम फळ्यावरून पाण्यात उतरवायला चांगला.

वर्गात हे करून पाहता येते. एक लिटरच्या दोन सारख्या, बूच लावलेल्या बाटल्या घ्या. त्यांत सारखी वाळू घाला आणि त्या दोन कामट्यांनी समांतर बांधा. मधोमध एक काडी उभी करा, ती डोलकाठी. टोकाला दोरा बांधून तो काडीच्या टोकाच्याच उंचीवर आडव्या धरलेल्या पेन्सिलीवरून खाली सोडा आणि त्याला कागदाचे पारडे लावा. दोऱ्याच्या बाजूची बाटली टबच्या कडेला टेकलेली असू द्या, नाहीतर सगळी होडीच सरकत येईल. पारड्यात एकेक नाणे टाकत जा. दुसरी बाटली उचलली जायला किती नाणी लागतात? बाटल्यांतले अंतर १०, २०, ३० सेंटिमीटर करून पाहा. नाणी जवळजवळ अंतराच्या प्रमाणात वाढतात. याच्या अगदी उलट टोकाला शर्यतीची वल्ह्यांची होडी असते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या एकट्याच्या होडीत बसले, तिला स्वतःचा असा तोल जवळजवळ नसतोच. तो खेळाडूने वल्ह्यांनी सांभाळायचा.

पण सांगडीच्या या स्थैर्याला एक वाईट बाजू आहे. ती उलटली की उलटीही तितकीच स्थिर राहते. म्हणून डोलकाठीच्या पोकळ नळीत पाणी शिरू नये अशी ती बंद केलेली असते, म्हणजे होडी आडवी पडली तरी काठी पाण्यावर तरंगते आणि होडी पूर्ण पालथी होत नाही. जुन्या होडीत हे बंद बूच पहिल्यांदा निकामी होते आणि विकणाऱ्याला ते ठाऊकही नसते. काठी पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे येतात का पाहा. आडवी पडलेली हॉबी १६ सरळ करायला पन्नास किलोच्या एकट्या मुलाचे वजन पुरत नाही. ही होडी एकट्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये, याचे कारण शिस्त नसून आघूर्ण आहे.

माठ घ्यावा तशी

हल फायबर ग्लासचे असतात, पण ते एकजिनसी नसतात. काचतंतू आणि रेझिन यांचा एक पातळ पापुद्रा बाहेर, एक आत, आणि मध्ये हलका फोम. अशा रचनेला सँडविच म्हणतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा घ्या. बाहेरचे दोन कागद आणि मधला नागमोडी कागद, सगळे चिकटलेले असतात तोवर तो ताठ असतो. भिजून डिंक सुटला की तेच कागद लुळे पडतात. कागद तेच, वजन तेच, ताठपणा मात्र गेला. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पापुद्रे सुटले की प्रत्येक जण आपल्या एकट्याच्या जाडीवर उभा राहतो.

जुन्या सांगडीचे खरे दुखणे हेच. जिथे आडव्या नळ्या हलला जोडलेल्या असतात तिथे, विशेषतः पुढच्या नळीच्या आसपास, ताण सगळ्यांत जास्त. दोन हलांना दोन वेगवेगळ्या लाटा उचलतात आणि पिळ बसतो तो या सांध्यांत. डेकचा पापुद्रा इथेच सुटतो. शोधायचे कसे? माठ घेताना आपण वाजवून घेतो, तसेच. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बोटाबोटाच्या अंतरावर टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज टणक, चढा येतो. सुटलेल्या जागी तो बद्द होतो. त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. अर्ध्या तासात सगळ्या होडीचा नकाशा तयार होतो. मग अंगठ्याने दाबून पाहा. तळहाताएवढी एखादी जागा दबत असेल तर दुरुस्ती होते. सांध्याभोवती हात-दीड हात लांब डेक पायाखाली पोळीसारखी दबत असेल तर मी तरी ती होडी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

दुसरी परीक्षा वजनाची. फोममध्ये शिरलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. नळ्या आणि कापड सोडवून दोन्ही हल वेगवेगळे तोलावेत. घोटीत भाताच्या गिरण्या इतक्या आहेत की मोठा वजनकाटा शोधायला गाव सोडावे लागणार नाही, पण व्यवहार होण्याआधीच तोलायचे तर मुंबईतच एखाद्या भंगारवाल्याकडे जावे. दोन्ही हल जुळे भाऊ आहेत. एक दुसऱ्यापेक्षा बारा किलोंनी जड असेल, तर बारा लिटर पाणी त्याच्या अंगात मुरले आहे किंवा कोणी तरी आधीच थरावर थर चढवून दुरुस्ती केली आहे. दोन्ही गोष्टी विकणाऱ्याला विचारण्यासारख्या आहेत.

मुरलेल्या पाण्याहून पोकळीत मोकळे खेळणारे पाणी जास्त धोक्याचे. हल पाच मीटर लांब. आत वीस लिटर पाणी असले आणि होडीने पुढे नाक खुपसले, की ते सगळे पाणी पुढे धावते. नाक आणखी खाली जाते आणि होडी पुढच्या टोकावर कोलांटी खाते. हॉबी १६ चे पुढचे टोक बारीक असल्याने तिला ही खोड मुळातच आहे. प्रयोगातल्या एका बाटलीतली वाळू काढून तिच्या एक पंचमांश पाणी भरा आणि बाटलीचे तोंड बोटाने थोडे दाबा. काय होते ते मुले स्वतःच सांगतील.

घाटात बुचे उघडी

आता ती होडी मुंबई-आग्रा महामार्गाने वर आणायची. २.४१ मीटर रुंदीची असली तरी ती सुटी होते, त्यामुळे वाहतूक अवघड नाही. पण एक गोष्ट हमखास विसरली जाते. कसारा घाट चढताना एसटीत वेफर्सचे पुडे टम्म फुगतात, हे आपण पाहिलेले असते. बंद हल हासुद्धा असाच एक पुडा आहे.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल, घोटीच्या उंचीला सुमारे ९४३. फरक ७० हेक्टोपास्कलचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७१ ग्रॅम. आकडा पोरकट वाटतो. पण एका हलच्या डेकचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर धरले तर डेकला आतून बाहेर ढकलणारे बल होते सुमारे ८८० किलो वजनाएवढे. नवी होडी ते सोसेल. जिचा पापुद्रा आधीच सुटू लागला आहे, ती घोटीच्या टोलनाक्यापर्यंत येताना आणखी सुटेल आणि आपण दोष खड्ड्यांना देऊ. उपाय फुकटचा: हलच्या मागच्या टोकाला पाणी काढायचे बूच असते, ते घाटात उघडे ठेवायचे. बनवणाऱ्यांनी हलला एक बारीक श्वासछिद्रही दिलेले असते. जुन्या होडीत ते बहुधा रंगाने किंवा चिखलाने बुजलेले असते. तारेने मोकळे करून घ्यावे.

हाच हिशेब उन्हालाही लागू आहे. सकाळी २५ अंशांना बूच लावले आणि दुपारी आतली हवा ४५ अंशांवर गेली तर दाब सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जवळजवळ एक कसारा घाट. मग तापलेला हल गार पाण्यात लोटला की आतली हवा आकसते आणि केसाएवढ्या भेगेतूनसुद्धा पाणी आत ओढले जाते. 'भोक कुठेच नाही, तरी पाणी येते' या तक्रारीचे हे उत्तर आहे. होडी पाण्यात नेऊन थोडी थंड होऊ द्यावी आणि मग बूच लावावे.

भेगा शोधायच्या तर बुचाच्या जागी नळी बसवून तोंडाने हलकेच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. जिथे फुगे, तिथे भेग. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर मात्र लावू नये. वरचा हिशेब पाहिल्यावर का, ते वेगळे सांगायला नको.

गोडे पाणी, खारे पाणी

समुद्रातून आलेल्या होडीत ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रिव्हेट असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे विद्युत घटच झाला. त्यात झिजते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की समजावे. गोड्या पाण्यात आयन कमी म्हणून ही झीज मंदावते. पण सांध्यात साठलेले जुने मीठ आधी भरपूर पाण्याने धुऊन काढले पाहिजे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांवरून कापूस फिरवा. अडकला तर तिथे धागा तुटलेला आहे. तार दुरुस्त करत बसू नये, बदलावी. होडीतली ही सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे.

गोडे पाणी एका बाबतीत मात्र अधिक वाईट. हलच्या बाहेरच्या चकचकीत थरातून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, आत राहिलेली विद्राव्य द्रव्ये विरघळतात आणि परासरणाने आणखी पाणी ओढले जाते. भिजत घातलेला बेदाणा फुगतो तसे थराखाली फोड येतात. बाहेरचे पाणी जितके गोडे तितका संहतीतला फरक मोठा, म्हणून हे फोड समुद्रापेक्षा तळ्यात लवकर येतात. हौशी लोक याला फार घाबरतात. पण रोज संध्याकाळी होडी काठावर ओढून ठेवणाराला फारसे भय नाही.

शिडाचे आणि मधल्या ताणलेल्या कापडाचे शत्रू पाणी नसून सूर्य आहे. पॉलिएस्टरचे कापड बरेच टिकते, शिवणीचा दोरा आधी कुजतो. नखाने शिवण खरवडून पाहावी.

दुरुस्ती

इगतपुरी-घोटी पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दमट हवेत रेझिनचे काम नासते. डिसेंबर ते मे हाच हंगाम. आधी सुटलेल्या भागात दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरावर फक्त वरच्या पापुद्र्यातून जाणारी बारीक भोके पाडून हल उन्हात आठवडे न् आठवडे वाळवायचा. वजन उतरायचे थांबले की वाळला. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा. मग इंजेक्शनच्या सिरिंजने एका भोकातून इपॉक्सी भरायचे, ते शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत. वर प्लॅस्टिकचा कागद टाकून वाळूच्या पिशव्या ठेवायच्या.

तुटलेल्या जागी नुसते ठिगळ लावू नये. कडा तासून उतार द्यावा लागतो; जाडीच्या बारा पट लांबीचा उतार हा रूढ नियम. तीन मिलिमीटर जाडीला साडेतीन सेंटिमीटरचा उतार. का, तर बल काचतंतूंतून थेट न जाता चिकटलेल्या पृष्ठभागातून जाते आणि पृष्ठभाग जितका मोठा तितका ताण कमी. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर धरत नाही. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. त्यात घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण कालवून झाल्यावरच दुसरे घालायचे. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. रेझिन घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात गेली तर बाहेर येत नाही, तेव्हा साधा रुमाल पुरेसा नाही. हे काम शिक्षकांनी करावे, विद्यार्थ्यांनी लांबून पाहावे.

काठी उभी करण्यापूर्वी वर पाहावे. हॉबी १६ ची काठी आठ मीटर उंच. रस्ता ओलांडणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारेची नियमानुसार किमान उंची ६.१ मीटर. ॲल्युमिनियमची काठी, स्टीलच्या तारा, ओले हात. अमेरिकेत अशा अपघातांत माणसे गेली, तेव्हा १९८० च्या दशकात तिथे काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबर ग्लासचा करण्यात आला. आपल्याकडे आलेल्या जुन्या होडीची काठी पूर्ण धातूची आहे का, ते चुंबकाने कळणार नाही. टेस्टर मीटरचे एक टोक वर, एक खाली लावून, थर थोडा खरवडून पाहावे. तरीही काठावरून पाण्यापर्यंतचा सगळा मार्ग तारांपासून दूरचाच निवडावा. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटते, काठ बदलतो आणि बुडालेली खोडे वर येतात. मार्ग दर महिन्याला नव्याने पाहावा लागतो.

पहिल्यांदा पाण्यात घालताना शीड चढवू नये. लाइफ जॅकेट घालून, गुडघाभर पाण्यात, दोन माणसांचे वजन ठेवून होडी तासभर तशीच उभी करावी. मग काठावर ओढून, मागची टोके खाली करून बुचे काढावीत आणि दोन्ही हलांतून निघणारे पाणी वेगवेगळ्या मापात धरावे. कपभर निघाले तर चालेल. लिटरभर निघाले, तर पुन्हा साबणाचे पाणी आणि नळी.